काळ्या मातीवरचे वीस वर्षांपूर्वीचे घर: इसार देण्यापूर्वी तपासणी कोणाकडून करावी आणि दुरुस्तीचा खर्च किमतीतून कसा वळता करावा?

सेलूची_शिक्षिका

नमस्कार. आम्ही सेलूला भाड्याने राहतो आणि मुलांच्या शिक्षणासाठी परभणीत घर घ्यायचे ठरवले आहे. वसमत रस्त्याकडच्या एका वसाहतीत दीड हजार चौरस फुटांच्या प्लॉटवरचे घर पसंत पडले आहे. तळमजला २००४ सालचा असून वरच्या दोन खोल्या २०१३ साली चढवल्या आहेत. मालकांनी ५२ लाख सांगितले होते, बोलता बोलता ५० लाखांवर आले. मध्यस्थांचे म्हणणे असे आहे की अक्षय्य तृतीयेला पाच लाख रुपये इसार देऊन मोकळे व्हावे, नाहीतर दुसरे गिऱ्हाईक तयार आहे.

घर नुकतेच रंगवलेले आहे. तरीही हॉलच्या पूर्वेकडील खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून स्लॅबकडे तिरकी गेलेली एक रेघ दिसते. तिच्यात पांढरी पुट्टी भरली आहे आणि त्या पुट्टीच्या मधोमध केसाएवढी फट पुन्हा उघडली आहे. जिन्याखालच्या भिंतीवर तळापासून हातभर उंचीपर्यंत रंग फुगलेला आहे. सगळ्या घरात फक्त एकाच खोलीला, म्हणजे वरच्या न्हाणीघराच्या बरोबर खालच्या खोलीला, पीओपीचे नवे छत आहे. बाकी घर हवेशीर आहे, बोअरला पाणी आहे आणि गल्ली चांगली आहे.

नातेवाईक म्हणतात की कर्ज काढणार असल्यामुळे बँकेचा माणूस घर पाहायला येणारच आहे, मग वेगळी तपासणी कशाला? मला मात्र धीर होत नाही. शिवाय मालक माझ्या सासऱ्यांचे जुने स्नेही आहेत, त्यामुळे घरात दोष काढून किंमत पाडली असे त्यांना वाटू नये, हीही काळजी आहे. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

स्थापत्य_लातूर

ताई, नातेवाइकांच्या सल्ल्यातील बँकेचा भाग आधी बाजूला ठेवा. बँकेचा मूल्यांकनकार घराची किंमत कर्जाला तारण म्हणून पुरेशी आहे का, एवढेच पाहतो. तो मोजमापे घेतो, फोटो काढतो, परिसरातील दर पाहतो आणि अहवाल देतो. स्लॅबमधील सळई गंजली आहे का, हे पाहणे त्याच्या कामात येत नाही. त्यामुळे स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला आपल्या खर्चाने न्यावे. तो मालकाच्या किंवा मध्यस्थाच्या ओळखीतला नसावा आणि त्याने लेखी अहवाल द्यावा. त्याचे शुल्क घराच्या किमतीपुढे फारच किरकोळ असते.

आता खिडकीच्या भेगेविषयी. परभणी, नांदेड, हिंगोली या पट्ट्यात काळ्या मातीचा थर खोल आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, आणि ही हालचाल जमिनीखाली साधारण साडेतीन मीटरपर्यंत पोहोचू शकते. घराच्या बाहेरच्या कडेची माती लवकर सुकते, मधली ओलसर राहते, म्हणून कोपरे खाली बसतात आणि दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात. या भेगा मे महिन्यात सर्वांत रुंद असतात आणि श्रावणापर्यंत बऱ्याच मिटतात. म्हणजे आत्ता तुम्ही घर पाहत आहात ते भेगांच्या दृष्टीने योग्य वेळी पाहत आहात. गळती मात्र आत्ता दिसणार नाही, ती पाणी साठवूनच पाहावी लागेल.

भेगेची रुंदी महत्त्वाची आहेच. भेगांवरील भारतीय मानक पुस्तिकेत १ मिलिमीटरपर्यंतची भेग बारीक, १ ते २ मिलिमीटरची मध्यम आणि त्यापुढची रुंद समजली आहे. पण माझ्या मते रुंदीपेक्षा भेग अजून हलते आहे का, हा प्रश्न मोठा आहे. भरलेल्या पुट्टीत पुन्हा फट पडली असेल तर ती हलते आहे, हे तुमच्या वर्णनावरूनच कळते. ती कशामुळे हलते हे शोधावे. घराला लागून कडुनिंब किंवा पिंपळ आहे का? गच्चीचे पाणी पाइपातून थेट पायाजवळ पडते का? घराभोवती फरसबंदी आहे की उघडी माती? ही तिन्ही कारणे असतील तर उपाय सोपा आहे आणि स्वस्तही आहे. भेग तुळईत किंवा कॉलममध्ये शिरलेली असेल, किंवा भेगेच्या दोन्ही बाजूंच्या पृष्ठभागांची पातळी बोटाला वेगळी लागत असेल, तर मात्र थांबावे.

माझी खरी काळजी वरच्या दोन खोल्यांची आहे. तळमजला नुसत्या विटांच्या भिंतींवर उभा आहे की आर.सी.सी. (सळई घातलेल्या काँक्रीटच्या) कॉलमवर, आणि २०१३ साली वरचा भार टाकताना पाया तपासला होता का, हे समजल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. मालकांच्या परवानगीने घराच्या एका कोपऱ्याला बाहेरून खड्डा घेऊन पाया मुरमापर्यंत गेला आहे की काळ्या मातीतच थांबला आहे, हे डोळ्यांनी पाहता येते. कॉलम आणि स्लॅबचे काँक्रीट न फोडता तपासण्यासाठी रिबाउंड हॅमर व अल्ट्रासोनिक चाचणी होते. काँक्रीटचा छोटा भाग खरवडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारले तर निरोगी काँक्रीट गुलाबी होते. रंग आला नाही तर त्या काँक्रीटने सळईला गंजापासून वाचवण्याची ताकद गमावली आहे असे समजावे. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्थापत्य विभागात अशा चाचण्यांची चौकशी करावी.

हा सावधपणा आमच्या भागात कोणाला जास्तीचा वाटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हा परिसर भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारित मानकात तो तिसऱ्या विभागात आला. २०२४ च्या मार्च आणि जुलै महिन्यांत हिंगोली जिल्ह्यात झालेले साडेचार रिश्टरच्या आसपासचे धक्के परभणीतही जाणवले होते. म्हणून जुन्या भिंतींवर नंतर चढवलेल्या मजल्याची चौकशी मी कधीच टाळत नाही.

गवंडीकाम_जिंतूर

साहेबांनी पायाचे सांगितले, मी पाण्याचे सांगतो. घराचे आयुष्य आमच्याकडे पाणीच खाते.

गच्चीच्या पन्हळीची तोंडे पोत्याने बंद करावीत, चार बोटे पाणी साठवावे आणि २४ तास तसेच ठेवावे. दुसऱ्या दिवशी खालच्या प्रत्येक खोलीचे छत, विशेषतः पंख्याच्या हुकाभोवतीचा भाग आणि भिंत-स्लॅबचा सांधा, टॉर्च तिरका धरून पाहावा. समोरून उजेड टाकला तर ओल दिसत नाही, तिरक्या उजेडात लगेच उठून दिसते. वरच्या न्हाणीघरातही जाळी बंद करून असेच पाणी साठवावे.

नव्या पीओपीच्या खोलीबद्दल मी स्पष्ट सांगतो की ते छत उघडून पाहिल्याशिवाय व्यवहार पुढे नेऊ नये. बल्ब बसवण्याच्या जागी गोल छिद्र असते. तो बल्ब काढून मोबाइलचा कॅमेरा आत घातला तरी वरचा स्लॅब दिसतो. काँक्रीटच्या खपल्या निघाल्या असतील आणि सळईच्या रेषेत तपकिरी डाग असतील तर गंज सुरू झाला आहे. गंजलेले लोखंड मूळच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा घेते, म्हणून ते आतून काँक्रीट फोडते. यात बांधकामाच्या पाण्याचाही दोष असू शकतो. टंचाईच्या वर्षांत अनेकांनी बोअरच्या खाऱ्या पाण्यानेच माल कालवला आणि क्युरिंगही, म्हणजे काँक्रीट पाण्याने ओले ठेवून पिकवणे, अर्धवटच केले. तेव्हा बांधकामाला पाणी कुठले वापरले, हे मालकांना सहज विचारावे.

जिन्याखालचा फुगलेला रंग ही खालून चढणारी ओल आहे किंवा त्या भिंतीत पाइप गळतो आहे. घरातील सगळे नळ रात्री बंद करून गच्चीवरच्या टाकीतील पाण्याच्या पातळीवर खूण करावी आणि पहाटे पाहावी. पातळी उतरली तर पाइप गळतो आहे. फरशीवर आणि गिलाव्यावर नाण्याने टकटक करत जावे, जिथे भद्द आवाज येतो तिथे आतून सुटलेले असते. शौचालयाची टाकी कुठे आहे, शेवटची कधी उपसली आणि तिचे पाणी शोषखड्ड्यात जाते की गटारात, हेही विचारून घ्यावे. काळ्या मातीत शोषखड्डा नीट शोषत नाही आणि पावसाळ्यात तुंबतो. तो घराच्या पायाला लागून असेल तर खिडकीच्या भेगेचे कारण तिथेच सापडेल.

बोअरचे पाणी मे महिन्यात चालू आहे, ही जमेची बाजू आहे. मोटर सलग तासभर चालवून धार तुटते का हे पाहावे. नळाला पाणी किती दिवसांनी येते आणि गेल्या उन्हाळ्यात गल्लीत टँकर आला होता का, हे मालकाला न विचारता शेजारच्या घरातील बायकांना विचारावे. विजेच्या बाबतीत अर्थिंगचा खड्डा पाहावा. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग नावापुरतेच उरते. तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला नसेल तर तो खर्च धरून ठेवावा.

वकील_संभाजीनगर

व्यवहाराच्या बाजूने काही गोष्टी मांडतो.

नव्या फ्लॅटच्या बाबतीत रेरा (स्थावर संपदा) कायद्याखाली ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करून द्यायचे असतात. ती तरतूद विकासकाला लागू आहे. खासगी मालकाकडून जुने घर घेणाऱ्याला तिचा आधार मिळत नाही. तुमच्यासाठी आधार आहे तो १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील कलम ५५ चा. विक्रेत्याला माहीत असलेला, पण खरेदीदाराला सर्वसाधारण काळजी घेऊनही कळू न शकणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे आणि तो लपवणे कपट समजले जाते. तथापि करारात याच्या विरुद्ध काही लिहिले असेल तर हे संरक्षण कमी होते. आपल्याकडच्या बहुतेक खरेदीखतांत 'मिळकत प्रत्यक्ष पाहून, समजून घेतली असून तिच्याबद्दल कोणतीही तक्रार नाही' अशा अर्थाचे वाक्य असते आणि ते वाचून दाखवले जाते तेव्हा कोणाचे तिकडे लक्ष नसते. मसुदा आधी मागवून ते वाक्य तपासणी अहवालाच्या संदर्भासह बदलून घ्यावे.

मुहूर्त साधायचाच असेल तर पाच लाखांऐवजी लहान रक्कम बँकेमार्फत द्यावी. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. इसारपावतीत मुदत घालून अशी अट लिहावी की खरेदीदाराच्या अभियंत्याने केलेल्या तपासणीत पाया, कॉलम, तुळई किंवा स्लॅब यांत गंभीर दोष आढळल्यास, अथवा दुरुस्तीच्या रकमेवर एकमत न झाल्यास, इसाराची पूर्ण रक्कम परत मिळेल. ही अट मान्य नसेल तर इसारच देऊ नये, असे माझे ठाम मत आहे, कारण पाच लाख अडकल्यानंतर खरेदीदाराच्या बोलण्यात जोर राहत नाही.

वरच्या मजल्याची परवानगी स्वतंत्र पाहावी. परभणीला २०११ साली महानगरपालिका झाली, म्हणजे तळमजल्याची परवानगी नगरपरिषदेची आणि वरच्या खोल्यांची महानगरपालिकेची असायला हवी. मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम ताडून पाहावे. प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यांनी पाडलेला असेल तर नियमितीकरणाचे प्रमाणपत्र मागावे. विनापरवाना मजला हा भिंतीतील भेगेपेक्षा मोठा दोष ठरू शकतो, कारण तो कोणत्याही गवंड्याला दुरुस्त करता येत नाही.

घर_विकलेला_माणूस_नांदेड

विकणाऱ्याच्या बाजूनेही थोडे लिहितो. माझे घर पाहायला आलेल्या एका गृहस्थांनी फरशीचा रंग, स्वयंपाकघरातील ओट्याची उंची आणि फाटकाचा गंज यांची यादी करून सहा लाख कमी मागितले, तेव्हा मी त्यांच्याशी बोलणेच थांबवले. नंतर ज्यांना घर दिले त्यांनी अभियंत्याचा दोन पानी अहवाल माझ्यापुढे ठेवला, त्यात फक्त गच्ची आणि वायरिंग होते, आणि मी त्याच बैठकीत रक्कम मान्य केली. वीस वर्षांच्या घराची झीज मालकाने किमतीत आधीच धरलेली असते. जे दिसत नव्हते आणि तपासणीत निघाले, तेवढ्याच गोष्टी मांडल्या तर सासऱ्यांचे स्नेही नाराज होण्याचे कारण नाही. बोलणी मध्यस्थाकरवी न करता सासऱ्यांना सोबत घेऊन समोरासमोर करावीत, कारण मध्यस्थाच्या तोंडून गेलेला निरोप वाटेत बदलतो.

सेलूची_शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. सासऱ्यांनीच मालकांना फोन करून तपासणीची परवानगी मागितली आणि ती मिळाली. इसार म्हणून ५१,००० रुपये चेकने दिले आणि वकीलसाहेबांनी सांगितलेली अट पावतीत लिहून घेतली.

पाया सहा फुटांवर मुरमात बसलेला निघाला, घर कॉलमवर आहे आणि वरच्या खोल्यांची परवानगीही कागदोपत्री आहे. पीओपीच्या वर मात्र स्लॅबच्या खपल्या निघालेल्या आहेत आणि न्हाणीघराच्या पाण्याने दोन सळया गंजल्या आहेत. अभियंत्यांच्या मते गंज वरवरचा आहे आणि दुरुस्त होऊ शकतो. गच्चीचा कोबा (स्लॅबवरचा पाणी अडवणारा थर) दोन ठिकाणी पाझरतो. गच्चीचा पाइप खिडकीखालीच जमिनीवर सोडलेला आहे आणि भोवती उघडी माती आहे. त्यांनी दिलेला अंदाज असा आहे: गच्चीचे वॉटरप्रूफिंग १,३५,०००, न्हाणीघर आणि त्याखालचा स्लॅब ८०,०००, वायरिंग व अर्थिंग ५५,०००, घराभोवतीची फरसबंदी व पाइप ६०,००० आणि भेगांची दुरुस्ती ४५,०००. एकूण ३,७५,००० रुपये.

मालक म्हणतात की रक्कम कमी करण्यापेक्षा खरेदीखतापूर्वी मीच सगळे दुरुस्त करून देतो. हे स्वीकारावे का? की खरेदीखत करून काही पैसे पहिल्या पावसापर्यंत मागे ठेवावेत?

वकील_संभाजीनगर

पैसे मागे ठेवण्याचा मार्ग ऐकायला बरा वाटतो, पण तुम्ही कर्ज घेणार आहात. विक्रीची रक्कम बाकी असेपर्यंत मालकी खरेदीदाराकडे गेली तरी त्या रकमेपुरता विक्रेत्याचा मिळकतीवर बोजा राहतो, आणि असा बोजा बँकेला चालत नाही. म्हणून किमतीत घट हाच सरळ मार्ग आहे. एक लक्षात ठेवा की मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि शासनाच्या वार्षिक दर तक्त्यानुसारचे मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते, त्यामुळे किंमत कमी झाली म्हणजे शुल्कही तेवढ्या प्रमाणात कमी होईल असे नाही. बँकेला घटलेली किंमत आधी कळवा, कारण कर्जाची रक्कमही त्यावर ठरते आणि दुरुस्तीसाठी तुमच्या हातात रोख शिल्लक असली पाहिजे.

गवंडीकाम_जिंतूर

मालकांनी दुरुस्ती करून देण्याला माझा विरोध आहे, आणि त्यात त्यांच्या हेतूवर शंका नाही. घर सोडून जाणारा माणूस सर्वांत कमी दराचा माणूस लावतो, हे स्वाभाविक आहे. गच्चीवर जुना कोबा काढून नवा घालायचा की वरून नुसते रसायन फासायचे, यात खर्चाचा मोठा फरक आहे आणि दोन्ही कामे झाल्यावर वरून सारखीच दिसतात. रक्कम घ्यावी आणि काम आपल्या देखरेखीखाली करावे.

सेलूची_शिक्षिका

काल समोरासमोर बसलो. अहवालाची प्रत मालकांना आधीच दिली होती. गच्ची, न्हाणीघर आणि वायरिंग यांचे २,७०,००० त्यांनी पूर्ण मान्य केले. भेगा आणि फरसबंदी हा मातीचा दोष आहे, माझा नाही, असे त्यांचे म्हणणे पडले, तेव्हा त्या १,०५,००० मधील निम्मे त्यांनी आणि निम्मे आम्ही सोसायचे ठरले. किंमत ४६,७७,५०० रुपये ठरली आणि ती साठेखतात (खरेदीखतापूर्वीच्या करारात) लिहिली जाईल. न्हाणीघर गळत होते हे आपल्याला माहीत होते आणि ते आधी सांगायला हवे होते, असे ते स्वतः सासऱ्यांना म्हणाले. आता शेवटचा प्रश्न एवढाच की पावसाळा तोंडावर आहे, तर आधी कोणते काम हाती घ्यावे?

स्थापत्य_लातूर

ताबा मिळताच गच्ची, कारण कोब्याला पाऊस सुरू होण्यापूर्वी किमान आठवडाभर पाण्याखाली ठेवून पिकवावे लागते. तिच्यासोबतच पाइपाचे पाणी पायापासून दूर नेऊन घराभोवती निदान एक मीटर रुंदीची, बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरसबंदी मुरमाच्या थरावर करून घ्या. त्यानंतर गंजलेल्या सळयांचे काम करावे, पण आधी वरच्या न्हाणीघराची गळती थांबलेली असली पाहिजे. खिडकीची भेग मात्र आत्ता भरू नका. मे महिन्यात ती पूर्ण उघडलेली असते. आत्ता कडक मालाने भरली तर पावसात माती फुगल्यावर भिंत दाबली जाईल आणि शेजारी नवी भेग निघेल. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, मधोमध काचेची पट्टी चिकटवा आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पाहा. फरसबंदीनंतर काच तडकली नाही तर पुढच्या वर्षी ती भेग पॉलिमर मॉर्टरने (रसायन मिसळलेल्या सिमेंटच्या मालाने) भरून घ्या. तडकली तर भरण्याआधी मला फोटो पाठवा.